न आठवण्याची पद्धत

दिनांक ६ नोव्हेंबर २०२४, बुधवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. घरात माणसे दोन होती, आणि यशोधरेने तिसऱ्याचे नाव घेतले.

"अहो, प्रिती अजून आली नाही," ती म्हणाली. स्वर अगदी रोजचा. दूधवाला आला नाही म्हणावे तसा. मी ओट्याशी गवार मोडत उभा होतो. हातातल्या शेंगेचे दोन तुकडे पातेल्यात पडले आणि त्याच क्षणी माझ्या मनात एक गणित सुरू झाले. मिनिटाला एकशे ऐंशी फेरे, गुणिले साठ, भागिले इंचाला साठ आडवे धागे, भागिले छत्तीस. उत्तर, ताशी पाच वार. मागाचे, म्हणजे आम्हा गिरणीवाल्यांच्या भाषेत साच्याचे, उत्पादन काढण्याचे हे सूत्र मला माटुंग्याच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकवले होते, आणि परळच्या गिरणीत साचेखात्याचा पर्यवेक्षक म्हणून मी ते निम्मे आयुष्य वापरले. गिरणी बंद होऊनही आता फार वर्षे झाली. ताशी किती वार कापड निघते हे मला कोणीही विचारले नव्हते. तरी ते गणित आले, सुटले, आणि पाच हा आकडा असा भरीव आणि थंड होऊन समोर उभा राहिला की त्याच्यामागे काय होते ते दिसेना. "ऐकलंत का?" यशोधरेने विचारले. मी म्हणालो, "या वेळी गवारीला शिरा फार आहेत."

प्रिती आमची पहिली मुलगी. १९८४च्या फेब्रुवारीत ती घटसर्पाने गेली, तेव्हा पाच वर्षांची होती. यापलीकडे मला काही सांगता येत नव्हते. बौद्ध रीतीने तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, विहारातली मंडळी त्रिशरण म्हणून आपापल्या खोल्यांकडे गेली, तेव्हा माझ्या आईने, सुंदराबाईने, दाराला आतून कडी लावली आणि आम्हा दोघांना समोर बसवले. "आता या घरात तिचं नाव कोणी काढायचं नाही," ती यशोधरेकडे बघत म्हणाली. "नाव निघालं की ही पोर उठायची नाही. हिला अजून जगायचंय." आई निष्ठुर नव्हती. तिने स्वतःची दोन मुले याच पद्धतीने मागे टाकली होती, आणि तिच्याजवळ दुसरे औषध नव्हते. फ्रॉक, पाटी, पितळेची लहान वाटी, सगळे तिने गावी धाडले. काळाचौकीच्या आमच्या चाळीने तर याहून मोठी गोष्ट केली. पुढे दोन वर्षांनी खालच्या मजल्यावर एक नवे बिऱ्हाड आले, त्यांच्या मुलीचे नाव नेमके प्रिती होते. कोणी बैठक भरवली नाही, कोणी कोणाला बजावले नाही, पण महिन्याभरात सारी चाळ त्या मुलीला बेबी म्हणू लागली. तिची आईसुद्धा. ती मुलगी बेबी म्हणूनच वाढली, बेबी म्हणूनच लग्न होऊन कल्याणला गेली. एवढ्या माणसांनी मिळून एक नाव जमिनीत पुरले, आणि मी त्यावरून रोज जात-येत राहिलो.

हर्षवर्धन १९८७ साली झाला. त्याला काही सांगायचे नाही असे आम्ही कधी ठरवले नाही. ठरवण्यासाठी तरी तो विषय उच्चारावा लागला असता. चाळ पाडून तिच्या जागी ही उंच इमारत झाली, आम्हाला सतराव्या मजल्यावर घर मिळाले, आई गेली, माझे केस गेले, आणि दोन वर्षांपूर्वी यशोधरेच्या आठवणी जाऊ लागल्या. त्या वरून खाली उतरत गेल्या. प्रथम सकाळचे जेवण गेले, मग गेल्या आठवड्यातले पाहुणे, मग ही लिफ्ट, मग सून अपेक्षा, जिला ती "त्या नर्सबाई" म्हणू लागली. मी हे सर्व एखाद्या यंत्राचे भाग उतरवताना पाहावे तसे क्रमाने पाहत होतो आणि प्रत्येक भागाची सोय लावत होतो. गॅसला कुलूप, दारावर चिठ्ठी, औषधांना सात कप्प्यांची डबी. वरचे थर निघाले की खालचा उघडा पडतो, इतके साधे यंत्रशास्त्र मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

त्या बुधवारनंतर ती रोज पाचच्या सुमारास चपला घालून दाराशी उभी राहू लागली. मुलगी खेळायला गेली आहे, यायची वेळ झाली, घरात दिवा लागला तरी पोर बाहेर. मी प्रथम तिला समजावले, मग दूरदर्शन लावले, मग दार ओढून घेतले. ती रागावली नाही. ती फक्त जेवेनाशी झाली. "ती उपाशी आणि मी गिळू?" एवढेच म्हणे आणि ताट हाताने अलगद दूर सारी, ज्या हाताने तिने आयुष्यभर ते माझ्याकडे सारले होते. दोन दिवसांनी दुपारचे जेवणही थांबले. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे तेवढी ती खाई. प्रिती जेवली असे मी सांगितले असते, तर कदाचित तीही जेवली असती. मला तेवढे साधे खोटे बोलता येत नव्हते. नीतीचा प्रश्न नव्हता. ते नाव तोंडात तयारच होत नव्हते. जीभ टाळ्याला लागे आणि मागून पाच वार येऊन उभे राहत.

सोळा तारखेला, शनिवारी, हर्षवर्धन ठाण्याहून आला. हातात संत्र्यांची पिशवी. यशोधरेने त्याला ओळखले, हे त्या महिन्यातले आमचे भाग्य; पण ती लगेच म्हणाली, "एकटाच आलास? ताईला घेऊन यायचं ना रे."

"कोण ताई?" त्याने हसून विचारले.

"घ्या! ताईला विसरला. तिच्या कानावर गेलं ना, तर आठ दिवस बोलायची नाही तुझ्याशी. फार मानी आहे ती, बापासारखी."

हर्षवर्धन माझ्याकडे पाहत राहिला. त्याला निरोप द्यायला मी लिफ्टपर्यंत गेलो तेव्हा त्याने बटण दाबले नाही. "बाबा, हे भास आहेत, की...?"

"भास नाहीत," मी म्हणालो.

"मला बहीण होती?"

मी होकारार्थी मान हलवली. लिफ्ट कोणीतरी दुसऱ्याने बोलावली, ती आमच्या मजल्यावरून खाली गेली. तो म्हणाला, "सदतीस वर्षं. शाळेत, ऑफिसात, लग्नाच्या वेळी अपेक्षाच्या घरी, प्रत्येक ठिकाणी मी एकुलता एक सांगत आलोय, बाबा." त्याच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते. मग त्याने विचारले, "कशी होती?" आणि मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. जन्म एकोणऐंशी सालचा. मृत्यू चौऱ्याऐंशी सालचा. आजार घटसर्प. "तसं नाही," तो हलक्या स्वरात म्हणाला, "दिसायला कशी होती? बोलायची कशी?" मी शोधले. खरोखर शोधले, आजवर मी तिकडे जाण्याचे टाळत होतो, आता प्रथमच मुद्दाम गेलो, आणि तिथे काही नव्हते. चाळीचा जिना होता, गॅलरीचे लाकडी कठडे होते, त्या सालचा भाव, त्या सालचे साहेब, पण ज्या जागी मूल असायला हवे तिथे फक्त कापडातली एक उभी, सरळ, रिकामी रेघ. साच्यावर ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला की साचा आपोआप थांबावा अशी पोलादी पट्ट्यांची योजना असते. उत्पादन घटू नये म्हणून काही विणकर त्या पट्ट्या सुतळीने बांधून टाकत. साचा मग धागा तुटूनही चालत राही, कापड निघत राही, आणि वारच्या वार त्या कापडात एक बारीक चीर लांबत जाई. शेजारचे धागे तुटलेले नसत, पण आधार गेल्याने तेही सैल पडत. असे कापड मी हजारदा नापास केले होते. "तेवढंच," मी मुलाला म्हणालो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसरे जे बोलायचे ते बोलला. पनवेलजवळ एक शुश्रूषागृह आहे, चांगले आहे, नळीने का होईना पोटात अन्न जाईल, पंचवीस तारखेपासून एक जागा रिकामी होते आहे. "मला नको आहे, बाबा. पण ती अशी वाळत गेली तर आपण काय करणार?"

मंगळवारी मी यशोधरेला परळच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टर मेघना माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी यशोधरेचे वजन घेतले, आकडा लिहून घेतला, आणि परिचारिकेबरोबर तिला बाहेर पाठवून मला म्हणाल्या, "काका, आता तुम्ही बोला. किती वर्षं हे नाव घेतलं नव्हतं?" मी सांगितले. "आणि तुम्हाला काय आठवतं?" तेही सांगितले, म्हणजे काही आठवत नाही हे सांगितले, आणि विचारले की माझीही तीच व्याधी सुरू झाली आहे काय. त्या हसल्या. "तुम्ही मघाशी मला माझ्या वजनकाट्यातली चूक दाखवलीत. तुम्हाला ती व्याधी नाही. तुमचं उलट झालंय."

मग त्यांनी कागदावर मेंदूची एक ओबडधोबड आकृती काढली. काढताना कवटीचा आकार चुकला म्हणून क्षमा मागितली. नको असलेली आठवण वर येऊ लागली, की कपाळामागचा भाग आठवणींच्या भागाला थांब म्हणतो, त्या म्हणाल्या. गाडीला ब्रेक लावावा तसा. प्रथम माणूस ते मुद्दाम करतो, बहुधा काहीतरी दुसरे मनात आणून. कोणी गाणे म्हणतो, कोणी देवाचे नाव घेतो. "तुम्ही काय करत होतात?" मी सूत्र सांगितले. "ठीक. हे पुष्कळदा केलं की सवय होते. मग आपण थांबवतोय हेही कळत नाही. आणि पाय नेमका एकाच आठवणीवर ठेवता येत नाही, काका. ब्रेक लागतो तेव्हा आजूबाजूचंही धड साठत नाही, धड निघत नाही. प्रयोगांत तसं दिसलंय. अर्थात प्रयोगातले शब्द आणि घरातलं मूल यांत फार अंतर आहे, मी तुम्हाला खात्री देत नाही. काकूंच्या आजारात तो थांबवणाराच सैल होत चाललाय, असं समजा. त्यांचं दार उघडलंय आणि तुमचं बंद आहे." यशोधरेचे काय करावे, मी विचारले. तिला खोटे ठरवू नका, त्या म्हणाल्या. ती मागते ते काय आहे ते नीट ऐका. "आणि पंचवीस तारखेचं मला हर्षवर्धनने कळवलंय. त्याआधी त्या तोंडाने खायला लागल्या, तर मी स्वतः त्याला जागा सोडून द्यायला सांगेन."

मी नीट ऐकू लागलो. इतकी वर्षे मी यंत्रांचे आवाज ऐकून त्यांचा दोष सांगत आलो, पण बायकोचे बोलणे मी नेहमी अर्थासाठी ऐकले, आवाजासाठी नाही. ऐकल्यावर कळले की ती "प्रिती कुठे आहे" असे एकदाही विचारत नाही. ते तिला ठाऊक होते. चाळीच्या समोरच्या खोल्यांत, मुलींच्या घोळक्यात, खेळत आहे. ती म्हणत होती, "तुम्ही आलात तरी तिला बोलावलं नाहीत. तुम्ही बोलावल्याशिवाय ती येते का कधी?" तक्रार माझ्याविषयी होती. तिच्या लेखी पाच वाजता मी गिरणीतून सुटून आलो आहे, घरात शिरलो आहे, आणि रोजचे एक काम करायचे विसरलो आहे. ते काम केले की मूल येईल, मूल आले की आई जेवेल. इतका सरळ क्रम. मधला एक दुवा तेवढा माझ्याजवळ होता आणि तो मीच कुठेतरी ठेवून दिला होता.

गुरुवारी पाच वाजता मी दाराशी गेलो, घसा साफ केला, आणि आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम केले. "प्रिती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. तळघरातून काढलेल्या, वास लागलेल्या वस्तूसारखा. यशोधरेने मान वळवली. "असं काय? मास्तर हजेरी घेतात तसं?" मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने. समोरच्या घरातल्या गुजराती बाईंनी दार उघडून पाहिले. पितू म्हणून पाहिले, बाळ म्हणून पाहिले, प्रितूडी, चिमणे, माझ्या आईच्या तोंडी असत ती सगळी नावे. "शेजारच्यांची मुलं येतील अशाने," यशोधरा म्हणाली, "आपली नाही यायची." आणि ती हसली, आणि लगेच डोळ्यांत पाणी आणून चपला घालू लागली. शुक्रवारी मी शीळ घालून पाहिली. मला शीळ नीट येत नाही. कदाचित कधीच येत नसावी.

चाळीतल्या जुन्या माणसांपैकी आमच्या इमारतीत आनंदीबाई तेवढ्या उरल्या आहेत, नवव्या मजल्यावर. मालवणच्या बाजूच्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गिरणीत बॉबिन भरायच्या खात्यात होत्या. शनिवारी सकाळी यशोधरेजवळ अपेक्षाला बसवून मी त्यांच्याकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळी बातमी होती. "मी सांगू जगदीश? तुला आवडायचं नाही, तू बुद्धाचा माणूस. पण पोरीचा जीव घुटमळतोय रे. माझ्या माहितीत एक बघणारा आहे, लालबागला."

"वहिनी, जीव-बीव काही घुटमळत नाही. आम्ही ते मानत नाही, आणि तुम्हीही मानत नव्हता. मला एकच सांगा. मी मुलीला कशी हाक मारायचो?"

आनंदीबाईंनी सूप खाली ठेवले. "तू?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांची थट्टा करतो आहे. "तू कधी हाक मारलीस रे मेल्या? चाळीतले सगळे बाप गिरणीतून आले की ओरडत, चार घरांची पोरं घाबरून घरात जात. तुझा आवाज आम्ही ऐकला नाही कधी. तुझा नाही नि तिचा नाही. मुक्यांची जोडी म्हणायचो आम्ही तुम्हा बापलेकीला." मग त्या थांबल्या आणि घाईघाईने सूप पुन्हा मांडीवर घेतले. "बघ, माझ्या तोंडून पण तिचं बोलणं काढवलंस. तुझी आई वरून बघत असेल हो."

मी त्यांच्याकडून निघालो आणि लिफ्टची वाट न पाहता जिना चढू लागलो. मुक्यांची जोडी. साचेखात्यात आवाज इतका असे की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडले तरी ऐकू जात नसे. आम्ही ओठ वाचत असू, आणि हातांनी बोलत असू. हनुवटीला मूठ लावली म्हणजे जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, आला. दोन बोटांची कात्री म्हणजे पाळी सुटली. आणि हात उंच करून, अंगठा व तर्जनी जुळवून, अदृश्य दोऱ्याचे टोक धरल्यासारखे छातीकडे ओढले म्हणजे: धागा तुटलाय, इकडे ये. दहाव्या आणि अकराव्या मजल्याच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, माझा उजवा हात वर गेला होता. मी तो नेला नव्हता. अंगठा आणि तर्जनी जुळलेली होती. मी आवाज शोधत होतो, आणि जे हरवले होते त्याला आवाजच नव्हता.

तेव्हा ते आले. आणि जे प्रथम आले ते चाळीच्या अंगणातले, खेळण्या-हसण्याचे नव्हते. साथीच्या रोगांच्या रुग्णालयात आत कोणाला सोडत नसत. कॉरिडॉरला मोठी काच होती, काचेपलीकडे खाटा. आई-बाप बाहेरून ओरडत, आतली मुले ऐकू न आल्याने अधिकच रडत. आम्हा बापलेकीला मात्र काचेची अडचण नव्हती, गिरणीच्या खुणा मी तिला शिकवल्या होत्या, आम्ही रोज हातांनी बोलत असू. दूध प्यायलीस का, नर्स चांगली आहे का, हे मी विचारी; लांब दाढीवाला डॉक्टर दाखवायला प्रिती हनुवटीला मूठ लावी. शेवटच्या संध्याकाळी तिने डोके उशीवरून उचलले नाही. फक्त हात वर केला, लहानसा, कोपरापासून, बोटे जुळवली, आणि दोरा स्वतःकडे ओढला. धागा तुटलाय, इकडे ये. मी काचेला कपाळ लावले. त्यापुढे जागा नव्हती. तिने पुन्हा ओढला. तिला नियम माहीत होता, की दोरा ओढला की समोरच्याने यायचेच असते, आणि मी येत का नाही हे तिला समजत नव्हते, आणि ते समजावण्याची खूण आमच्या भाषेत नव्हती.

मी पायरीवर बसलो. एकशे ऐंशी गुणिले साठ, मी म्हणालो. बहुधा मोठ्याने म्हणालो. भागिले साठ. भागिले. पुढचा आकडा येईना. पट्टी खाली पडली होती आणि साचा थांबला होता, जसा तो थांबायला हवा असतो, आणि त्या भयंकर शांततेत मी कोणीही वर-खाली जाईल याची पर्वा न करता रडलो. किती वेळ ते मी पाहिले नाही. छातीत दुखत होते, पण ते दुखणे अखंड होते, त्यात चीर नव्हती. आणि हळूहळू, कोणी बोलावले नसताना, शेजारचे धागे दिसू लागले. तिच्या डाव्या भुवईवर देवीच्या टोचणीसारखा एक बारीक खड्डा होता, उंबऱ्यावर पडल्याचा. केस राठ, माझ्या आईसारखे. ती र म्हणू शकत नसे, म्हणून स्वतःचे नाव पिती सांगे. भाताची करपलेली खरवड तिला आवडे. अंगणात पाच-सव्वापाचला मी येऊन उभा राहिलो की समोरच्या दुसऱ्या मजल्यावर मुलींच्या घोळक्यातून तिचेच डोके वर येई. मी हात उंच करून दोरा ओढी, आणि ती छाती पुढे काढून, कोणीतरी खरेच ओढत नेत असल्यासारखी, गॅलरीतून, जिन्यातून, खाली येऊ लागे. मी मध्येच दोरा सैल सोडी. मग ती जिथे असेल तिथे थांबे, एक पाय हवेत, पडेल पडेल अशी डोलत, आणि पोट धरून, आवाज न करता हसे. आवाज करायचा नाही हाही नियम होता. आमच्या गॅलरीतून यशोधरा हे सगळे पाहत असे. ही सारी सुखे त्या काचेमागे राहिली होती. काच उघडायची नाही म्हणून मी अंगणही सोडून दिले होते.

घरी आलो तेव्हा अपेक्षाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि चहा ठेवला. दुपारी मी तिला म्हणालो, "तू जा आता. आज मी पाहतो." थोडा भात लावला, तांदळाचे पीठ उकड काढून मळले. पाच वाजता यशोधरेने चपला घातल्या. मी म्हणालो, "थांब, मी आलोच आहे आता. मी बोलावतो तिला." मी दार सताड उघडले, तिला उंबऱ्याशी उभे केले, आणि आमच्या मजल्याचा बोळ जिथे संपतो आणि जिना सुरू होतो तिकडे तोंड करून मधोमध उभा राहिलो. जिन्यात कोणी नव्हते. कोणी असणार नव्हते, हे मला पूर्ण ठाऊक होते. मी वैज्ञानिक वृत्तीचा मनुष्य आहे आणि या क्षणीही तसाच आहे. मी हात उंच केला. अंगठा आणि तर्जनी जुळवली. दोरा छातीकडे ओढला.

मागे चपलांची चुळबूळ थांबली. मी पुन्हा ओढला, हळू, एकेक हात. कोणत्या क्षणी किती ताण द्यायचा हे माझ्या मनगटाला माहीत होते. जिन्याचा कठडा, वळण, मग बोळ. मधे मी तो सैल सोडला, आणि समोरची रिकामी जागा एक पाय हवेत धरून डोलली.

"पुरे ना आता," यशोधरा म्हणाली. तिच्या आवाजात हसू होते, चाळीस वर्षांपूर्वीचे, लटके रागावलेले. "किती छळता पोरीला! भूक लागली असेल तिला. येऊ द्या."

मी ओढून घेतला.

"आली," ती म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने आत जायला वाट दिली. "पाय धू आधी, प्रिती. आणि बाबांच्या मागे लपू नकोस, मला दिसतेयस तू." मग तिने चपला काढल्या, आत आली, आणि बऱ्याच दिवसांनी आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून, पाटावर बसली. मी भाकऱ्या थापल्या. माझ्या भाकरीला कडा फाटतात. ती त्यावर काहीतरी बोलली, आणि प्रितीला उद्देशून म्हणाली की बापाला साचा चालवता येतो, तवा नाही. "प्रितीला खरवड ठेवलीत का?" तिने विचारले. "प्रितीला ठेवली आहे," मी म्हणालो. नाव तोंडात तयार झाले, ओठांतून गेले, आणि खोलीत राहिले. दुखले. पण ते जागचे जागी दुखले.

सात वाजता हर्षवर्धनचा फोन आला. मी त्याला प्रथम त्याच्या बहिणीच्या भुवईवरचा खड्डा सांगितला, मग ती र म्हणू शकत नसे ते सांगितले. काचेचे मी सांगितले नाही. तेही सांगेन, पण समोर बसून. मग त्याने जे विचारायला फोन केला होता ते विचारले.

"बाबा, आई जेवली?"

"जेवली."

"म्हणजे किती?"

"दीड भाकरी."